"एसटी परवडली": शॉकअप, कुर्डुवाडी-लातूरचे रूळ आणि माझी चूक

हा भाग ऐकणारे बरेच जण आत्ता एसटीत, कॅबमध्ये नाहीतर स्वतःच्या गाडीत असणार. बाईकवर असाल तर आधी हेडफोन काढा, घरी जाऊन ऐका. विषय पण आज तसाच आहे. आत्ता तुमच्या सीटखाली जे हलतंय, आदळतंय, त्याचा इतिहास. म्हणजे सस्पेन्शन. आपल्या भाषेत कमान, पाटा, शॉकअप.

नेहमीप्रमाणे ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी पूर्ण भाग खाली लिहून काढलाय.

आधी माझी गोष्ट सांगतो, कारण चूक माझीच आहे.

मी रेणापूरचा. नोकरी पुण्यात. दोन वर्षांपूर्वी एक सेकंडहँड टर्बो पेट्रोल हॅचबॅक घेतली. कोणती ते सांगत नाही, नाव सांगितलं की अर्धे श्रोते तिथंच भांडत बसतात. रोज ऑफिसला तीच, आणि महिन्यातून एकदा-दोनदा गावाकडं पण तीच. इंदापूर, टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी, येडशी, मुरूड, लातूर, आणि मग अंबाजोगाई रोडनं रेणापूर. साधारण साडेतीनशे किलोमीटर.

गाडीचं रनिंग ८० हजाराच्या पुढं गेलं. मागचा एक शॉकअप तेल गाळायला लागला होता. म्हणजे खर्च करायचाच होता. आणि मी काय केलं? शॉकअप तसेच ठेवले आणि स्प्रिंगा बदलल्या. गाडी ३५ मिलिमीटर खाली बसवणाऱ्या. दुकानदार म्हणाला, "काही फरक पडत नाही साहेब, शॉकअप पुढच्या पगाराला बघू." फोटोत गाडी एक नंबर दिसत होती, खोटं कशाला बोलू.

पुढच्या महिन्यात पप्पांना आणायला गेलो. पप्पांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, दर दोन महिन्यांनी पुण्याला दाखवायला यावं लागतं. रेणापूर ते पुणे पप्पा काही बोलले नाहीत. स्पीडब्रेकर दिसला की फक्त डाव्या हातानं दरवाजावरचं हँडल धरायचे आणि डोळे मिटायचे. मला वाटलं झोप येतेय.

दोन महिन्यांनी फोन केला, "पप्पा, शुक्रवारी रात्री निघतो, शनिवारी तुम्हाला घेऊन येतो."

"तू नको येऊ. मी एसटीनं येतो."

"कामून?"

"तुझी गाडी लई आदळायली रे बाबा. एसटी परवडली."

मंडळी, मी बीटेक आहे. स्प्रिंग-मास-डॅम्पर हे मी सेकंड इयरला घोकलंय. आणि ऑपरेशन झालेला माझा बाप माझी गाडी सोडून एसटीत बसायला तयार आहे. हे लागलं. मग मी वाचायला बसलो. आणि कळलं की माझ्या प्रश्नाचं उत्तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी देऊन झालंय. त्यातलं एक उत्तर तर मी ज्या रस्त्यानं जातो त्याच्याच आजूबाजूला रुळांवर धावत होतं.

बैलगाडीला शॉकअप का नव्हते?

आपल्या आजोबांच्या बैलगाडीला स्प्रिंग नव्हती. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, मध्ये आस, आसावर थेट साटा. चाकाला जो दगड लागला तो बसलेल्या माणसाच्या कण्याला लागला. आराम एवढाच की साट्यात कडबा नाहीतर गोधडी टाकायची. पण बैल चालतो ताशी चार-पाच किलोमीटरनं. त्या वेगाला कडबा पुरतो.

गडबड सुरू होते वेग वाढल्यावर. खड्डा तोच, पण दुप्पट वेगात गेलात तर चाकाला वर जायला अर्धा वेळ मिळतो. धक्का वेगाबरोबर वाढत जातो. म्हणून घोडागाडीला आधी स्प्रिंग आली, बैलगाडीला नाही.

स्प्रिंगचं गणित रॉबर्ट हूकनं १६७८ साली छापलं होतं. जेवढा जोर द्याल तेवढी स्प्रिंग दबेल, दुप्पट जोर दिला तर दुप्पट. लंडनच्या ओबाडाया इलियट नावाच्या गाडी बनवणाऱ्यानं १८०४ साली लंबगोल पोलादी पाट्यांवर घोडागाडी बसवली. पाट्यावर पाटा ठेवलेली ती कमान पुढं आपल्या टांग्याला आली, मग ट्रकला, मग एसटीला. आजही ट्रकखाली वाकून बघा, तीच दिसेल.

या पाट्याची एक गंमत आहे, पुढं लागणार आहे म्हणून आत्ताच सांगतो. पाटे एकमेकांवर घासतात. त्या घासण्यात उसळी थोडी मरते. म्हणजे स्प्रिंग पण तीच आणि थोडाफार शॉकअप पण तोच.

कुर्डुवाडीचा इंजिनिअर

आता आपल्या भागात येऊ. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा एक इंग्रज रेल्वे इंजिनिअर होता. बार्शीला मोठा बाजार, पण मेन लाइन लांबून गेलेली. स्टेशन होतं बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी. तिथून बार्शीला छोटी रेल्वे टाकायची त्याची कल्पना. १८९७ साली ती सुरू झाली. बार्शी लाइट रेल्वे. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. १९११ साली ती लातूरला पोचली. आपल्या आजी-आजोबांनी हिच्यातून प्रवास केलाय. लातूरचा धान्याचा बाजार वाढला त्यात हिचा वाटा मोठा आहे.

त्या काळात छोट्या रेल्वे बऱ्याच होत्या. कॅलथ्रॉपचं वेगळेपण हे की त्यानं इंजिन किंवा डब्यापासून सुरुवातच केली नाही. सुरुवात रुळापासून केली. हलके, स्वस्त रूळ टाकायचे, गजाला तीस पौंड वजनाचे. मग असा रूळ एका आसामागं किती वजन सोसेल? पाच टन. ठरलं. यापुढं या लाइनीवर जे काही धावेल, इंजिन असो, वाघीण असो, डबा असो, त्याच्या कुठल्याच आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येणार नाही. इंजिन जड होतंय? आस वाढवा, वजन वाटून द्या. म्हणून तर एवढ्याशा लाइनीला ओळीनं आठ चाकं जोडलेली आणि मागं आणखी चार चाकं असलेली इंजिनं आली. भारतात पाठवण्याआधी हे सगळं सामान इंग्लंडमध्ये लीड्सजवळ न्यूले इथं खास रूळ टाकून चालवून दाखवलं होतं.

म्हणजे त्याचा पहिला प्रश्न होता, माझा रस्ता काय सोसतो? त्याचं उत्तर मिळाल्यावर गाडी. मी बरोब्बर उलटं केलं. आधी गाडी कशी दिसली पाहिजे ते ठरवलं, मग म्हणलं रस्ता बघू.

जाता जाता अजून एक. याच कॅलथ्रॉपचा मित्र होता चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला रोल्स. तो १९१० साली विमान पडून गेला. त्यानंतर कॅलथ्रॉप पॅराशूटच्या मागं लागला आणि 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट त्यानं बनवलं. आपल्या नॅरोगेजवाल्या साहेबानं माणूस हळू खाली कसा येईल यावर पण डोकं लावलं होतं.

२००८ पर्यंत कुर्डुवाडी-लातूर पूर्ण ब्रॉडगेज झाली. त्याच मार्गानं एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, ते आपल्यातल्या कुणीच विसरणार नाही. पाच टनांच्या जुन्या रुळावर ते भरलेले टँकर आले नसते. रस्ता बदलला तेव्हा गाडी बदलली.

स्प्रिंग धक्का खाते, मग काय करते?

इथं माझ्यासारखे लोक फसतात. आपण म्हणतो शॉकअप धक्का खातो. नाही. धक्का खाते स्प्रिंग. पण खाल्लेला धक्का ती परत देते. एकदा दबली की वर उसळते, परत दबते, परत उसळते. तिला थांबवायचं काम शॉकअपचं. इंग्रजांनी 'शॉक अॅब्सॉर्बर' हे नावच चुकीचं ठेवलं आणि आपण त्याचा शॉकअप केला.

मोटारी आल्या, वेग वाढला, तेव्हा पाट्यांचं आपसातलं घासणं पुरेना. अमेरिकेत क्लीव्हलंडला क्लॉड फॉस्टर नावाचा माणूस होता. तो आधी एग्झॉस्टच्या हवेवर वाजणारा मोटारीचा भोंगा विकायचा. भोंग्याचं नाव गॅब्रिएल, तुतारी वाजवणाऱ्या देवदूतावरून. मग त्यानं गाडीची उसळी धरून ठेवणारा, पट्टा गुंडाळलेला एक डबा काढला, 'स्नबर'. स्प्रिंग दबताना पट्टा सैल, उसळताना घट्ट. पुढं पट्ट्याच्या जागी तेल आलं. पिस्टन, बारीक भोकं, त्यातून जोरानं जाणारं तेल. उसळीची ताकद तेल गरम करण्यात जाते. बास, शॉकअप म्हणजे एवढंच.

हे गॅब्रिएल नाव ओळखीचं वाटलं ना? वाटणारच. १९६१ साली दीप आनंद यांनी अमेरिकेच्या मॅरेमाँट कंपनीच्या तंत्रसहकार्यानं गॅब्रिएल इंडिया सुरू केली, कारखाना मुंबईत मुलुंडला. आता चाकणला पण आहे. गेल्या साठ वर्षांत तुमच्या घरात जी काही स्कूटर, मोटारसायकल, कार आली असेल, त्यातल्या कशाला तरी हे नाव लागलेलं असण्याची शक्यता भरपूर आहे. भोंग्यापासून सुरू झालेलं नाव मुलुंडमार्गे रेणापूरच्या गॅरेजपर्यंत आलं.

काळी माती आणि दीड हेलकावा

आता थोडं गणित. घाबरू नका, स्किप करू नका.

प्रत्येक गाडीचा स्वतःचा एक हेलकावा असतो. वरून दाबून सोडली तर सेकंदाला ती किती वेळा वर-खाली होईल? आरामदायी कारचा आकडा साधारण एक ते दीड. स्पोर्टी गाडीचा दीड ते दोन. माणूस चालताना सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, म्हणून शरीराला याची सवय आहे. पण सेकंदाला चार ते आठ धक्के या पट्ट्यात बसलेल्या माणसाच्या पोटाला आणि कण्याला सगळ्यात जास्त त्रास होतो. कंपनं मोजायचे जागतिक नियम पण हेच धरून चालतात.

आता आपला रस्ता. मराठवाड्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. शेतात हे बरं, रस्त्याखाली वाईट. वरून डांबर गुळगुळीत असलं तरी रस्त्याला लांब लांब लाटा येतात. समजा लाट १५ मीटरची आहे आणि तुम्ही ८० च्या स्पीडला आहात. म्हणजे सेकंदाला २२ मीटर. सेकंदाला साधारण दीड लाट. आणि गाडीचा स्वतःचा हेलकावा पण दीडच! झोक्याला बरोब्बर वेळेवर धक्का दिल्यासारखं होतं. प्रत्येक लाटेला गाडी आणखी वर. इथं वाचवतो फक्त शॉकअप. तो गळत असेल तर गाडी नाव होते.

माझ्या गाडीत काय झालं बघा. नवी स्प्रिंग समजा २५ टक्के कडक. हेलकावा वर्गमुळानं वाढतो, म्हणजे फक्त १२ टक्के. एवढ्यानं पप्पांचा कणा दुखला नसता. खरा घोटाळा दुसरा. स्प्रिंगला दबायला जागा लागते. समजा आधी ७५ मिलिमीटर जागा होती. मी गाडी ३५ नं खाली बसवली. उरली ४०. स्पीडब्रेकरवर ती लगेच संपते, आणि मग गाडी बसते बंप स्टॉपवर. बंप स्टॉप म्हणजे शेवटी आपटू नये म्हणून लावलेला रबरी ठोकळा. तिथं स्प्रिंग संपली आणि बैलगाडी सुरू झाली. चाकाचा धक्का थेट साट्याला. वेग मात्र बैलाचा नाही.

आणि वरून शॉकअप जुना. कडक स्प्रिंग जास्त जोरानं उसळते, तिला धरायला जास्त ताकदीचा शॉकअप लागतो. माझ्याकडं होता गळका.

पुढचं मऊ, मागचं थोडं घट्ट

मॉरिस ऑली हा इंजिनिअर रोल्स-रॉइसमधून १९३० साली अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये गेला. त्याचा प्रश्न होता, गाडी मऊ असूनही माणसाला मळमळ का होते? त्यानं एक गाडी अशी बनवली की जिच्यावर वजनं इकडून तिकडं सरकवता येतील आणि स्प्रिंगा बदलता येतील. मग त्यात माणसं बसवून फिरवली.

उत्तर सोपं निघालं. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मग मागच्या. ८० च्या स्पीडला अडीच मीटर व्हीलबेसच्या गाडीत हे अंतर सेकंदाच्या नवव्या भागाएवढं. पुढचं आधी हलायला लागतं. मागचं उशिरा सुरू झालं, म्हणून ते थोडं जलद हललं पाहिजे, म्हणजे ते पुढच्याला गाठेल आणि गाडी सपाट वर-खाली होईल. नाही गाठलं तर गाडी नाक वर-शेपूट खाली करत राहते. म्हणून पुढची स्प्रिंग तुलनेनं मऊ ठेवायची. त्याआधी नेमकं उलटं असायचं, पुढचे पाटे कडक. १९३४ च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत पुढची दोन चाकं स्वतंत्र झाली आणि मऊ स्प्रिंग शक्य झाली.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, कंपनीनं पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगची जोडी जुळवून दिलेली असते. फक्त पुढच्या बदलल्या किंवा कुठल्या तरी दोन जोड्या एकत्र केल्या की हा मेळ जातो. दोन, पप्पांना एसटी का परवडली. पप्पा एसटीत कधी मागं बसत नाहीत. मधल्या रांगेत, खिडकीशी. दोन्ही आसांच्या मध्ये. तिथं नाक-शेपूट हेलकावा सगळ्यात कमी लागतो. शिवाय बस जड आणि लांब. मागच्या आसाच्याही मागं असलेल्या शेवटच्या सीटवर बसून बघा, टाळू छताला लागते. कॉलेजात आपण सगळे तिथंच बसायचो, मजा म्हणून. आपल्याकडं पुणे-अहमदनगर पहिली एसटी १ जून १९४८ ला धावली. निजामाच्या राज्यात सरकारी बस त्याआधी, १९३२ पासून होत्या. पाट्यावरच्या बसमध्ये कुठं बसायचं हे या लोकांच्या तीन पिढ्यांना माहीत आहे. त्यांनी ऑली वाचला नव्हता.

पद्मिनी ते हॉट हॅच

मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं बनवलेली फियाट, पुढची पद्मिनी, तिला पुढं दोन आर्म आणि कॉइल स्प्रिंग, मागं पाटे. अँबॅसेडरला पुढं टॉर्शन बार, मागं पाटे. मग डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढं मॅकफर्सन स्ट्रट घेऊन आली. अर्ल मॅकफर्सननं हे डिझाइन अमेरिकेत केलं आणि १९५० मध्ये ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सलला ते पहिल्यांदा लागलं. वरचा आर्म काढून टाकला, शॉकअपलाच खांब बनवला. स्वस्त, जागा कमी. आज तुमची हॅचबॅक कुठलीही असो, पुढं बहुतेक हेच आहे.

पण याचा अर्थ असा की पुढचा शॉकअप फक्त उसळी धरत नाही, तो चाक पण धरून ठेवतो. वळताना, ब्रेक मारताना त्याला आडवा जोर येतो. म्हणून पुढं स्वस्तातला लोकल स्ट्रट लावणं म्हणजे घराचा खांब स्वस्तात करणं.

२००१ ची पॅलिओ १.६, २०१३ ची चाकणमध्ये बनलेली पोलो जीटी टीएसआय, २०१५ ची रांजणगावची अबार्थ पुंटो. रोज वापरायची पण पाय दाबला की पळणारी गाडी आपल्याकडं आली ती बरीचशी महाराष्ट्रातूनच. आणि त्यासोबत आलं हे खूळ, की कंपनीचं सस्पेन्शन 'फॅमिली' वालं आहे, ते बदललंच पाहिजे.

मग बदलायचं काय?

माझ्यासमोर चार रस्ते होते.

पहिला, फक्त खाली करणाऱ्या स्प्रिंगा. अनुभव वर आहे.

दुसरा, कॉइलओव्हर. उंची कमी-जास्त करता येते. ट्रॅकला जाणाऱ्याला ठीक. पण चुरीनं आणि चिखलानं त्याचे आटे जाम होतात, आणि उंची बदलता येते म्हणजे आपण ती खालीच ठेवणार, स्वतःला ओळखतो मी. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालत नाही हे सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. अपघात झाला तर विम्याचा क्लेम अडकू शकतो.

तिसरा, उंची तीच, पण मोनोट्यूब शॉकअप. फ्रान्सच्या द कार्बन नावाच्या इंजिनिअरनं १९५३ मध्ये ही युक्ती काढली. एकच नळी, आत तेल, आणि मोकळ्या पिस्टनच्या पलीकडं साधारण २० ते ३० बार दाबाचा नायट्रोजन. खराब रस्त्यावर तासभर चाललं तरी तेलाला फेस येत नाही, पकड ढिली होत नाही. जर्मनीच्या बिल्श्टाइननं १९५७ पासून मर्सिडीजला हे द्यायला सुरुवात केली. चांगली वस्तू आहे, वाद नाही. पण गॅसच्या दाबामुळं आणि घट्ट सीलमुळं बारीक खडबडीला ती थोडी कडक वाटते, आणि महाग.

चौथा, उंची तीच, कंपनीच्या मापाचा नवा ट्विनट्यूब गॅस शॉकअप. दोन नळ्या, कमी दाब. खूप रगडला तर गरम होतो, पण रोजच्या वापरात मऊ.

लातूरला एक चाचा आहेत, तीस वर्षं याच कामात. त्यांना विचारलं. गाडी जॅकवर घेतली, लोअर आर्मला टॉमी लावून हलवून दाखवला. "इंजिनिअर साहेब, शॉकअपचं सोडा. बुश बघा." बुशचं रबर फाटून गेलं होतं. वरचं माउंटिंग बसलं होतं. बंप स्टॉप तर मागच्या दोन महिन्यांत चुरा झाला होता.

चाचांनी अजून एक गोष्ट सांगितली, ती लिहून ठेवा. बुशचे बोल्ट गाडी हवेत लटकलेली असताना पूर्ण आवळायचे नाहीत. गाडी चाकावर उभी करायची, मग आवळायचे. नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत बसतं आणि वर्षात फाटतं.

मी चौथा रस्ता घेतला. मूळ स्प्रिंगा फ्लॅटच्या माळ्यावर होत्या, विकल्या नव्हत्या हे नशीब. चारही शॉकअप नवे, दोन्ही माउंटिंग, बंप स्टॉप, लोअर आर्मचे बुश, शेवटी अलाइनमेंट. एकटा रोज फिरणारा असतो तर तिसरा घेतला असता. पण माझ्या गाडीत महिन्यातून दोनदा कोण बसतं ते मी ठरवून विसरलो होतो.

तुमच्यासाठी थोडक्यात. गाडीचा कोपरा दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक, झुलत राहिली तर शॉकअप गेला. पण आधुनिक गाडीत ही टेस्ट सगळं पकडत नाही, म्हणून तेलाचा ओघळ बघा, टायरवर हात फिरवून खळगे लागतात का बघा. शॉकअप एकटा बदलू नका, एका आसावरची जोडी बदला. खट खट आवाज आला की आधी बुश आणि लिंक रॉड बघा. आणि सगळ्यात आधी टायरमधली हवा. हवा जास्त भरून कडक सस्पेन्शनला शिव्या देणारे लई आहेत.

शेवट

नुकसान काय झालं ते पण सांगतो. गाडी आता फोटोत साधी दिसते. वळणावर पहिल्यासारखी चिकटून जात नाही, थोडी झुकते. ऑफिसमधला एक मित्र म्हणाला, "अरे, परत स्टॉक केलीस?" केली.

मागच्या महिन्यात पप्पांना फोन केला. म्हणलं, एकदा बसून बघा, आवडलं नाही तर लातूरपासून एसटीत बसवून देतो. ते आले. पुढच्या सीटवर बसले, उशी पाठीला लावली, हँडल धरूनच बसले. मुरूडपर्यंत धरलं होतं. येडशीच्या पुढं बघितलं तर हात मांडीवर. बार्शी गेली, कुर्डुवाडी गेली. मी मुद्दाम ७० च्या वर गेलो नाही.

इंदापूरला चहाला गाडी थांबवली तेव्हा पप्पा जागे झाले. बाहेर बघून म्हणाले, "टेंभुर्णी गेली का?"

"कवाच गेली पप्पा."

"मग उठवलं नाहीस कामून? टेंभुर्णीला चहा चांगला राहतो."

एवढंच बोलले. परतीचं एसटीचं रिझर्व्हेशन त्यांनी आधीच करून ठेवलं होतं, ते मात्र त्याच संध्याकाळी मला कॅन्सल करायला सांगितलं.

तुमच्या घरी सस्पेन्शनचा खरा टेस्टर कोण आहे? आजी, बाळंतीण बहीण, ऑपरेशन झालेले काका? त्यांनी तुमच्या गाडीबद्दल काय म्हणलं होतं ते व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात वाजवू. तोवर काळजी घ्या, आणि स्पीडब्रेकरला ब्रेक मारा, हँडल धरायला लावू नका.